गादीवरचा डावा गुडघा

१

शाळेची बस मला चारला पाच कमी असताना आजोबांच्या दाराशी सोडते. बूट झटकायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून वेलदोड्याच्या पावाचा तुकडा उचलायचा आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये जायचं, हा माझा दोन हिवाळ्यांचा नेम. तिथे लाकडाची शेगडी धगधगत असते, रेडिओवर हॉकीची मॅच चालू असते आणि आजोबा मान वर न करता म्हणतात, "आली का बडबडी?"

मी दिवसभरात चार वाक्यं बोलले तर खूप झालं, म्हणून हे नाव. खरं नाव लेम्पी. ते पणजीचं होतं. आता आमच्या शाळेत ते एकट्या माझंच आहे.

गॅरेजच्या मधोमध स्टँडवर नारंगी उभी असायची. नारंगी म्हणजे आमची स्लेड, पुढे दोन स्की आणि मागे इंजिनवर फिरणारा पट्टा असलेली बर्फावरची गाडी, १९७३ सालची. त्या काळी आमच्याकडे ज्याच्याजवळ वेल्डिंगचं यंत्र आणि रिकामं कोठार होतं तो स्लेड बनवायला बसायचा, असं आजोबा सांगतात. पुढे पेट्रोल महागलं, दोन हिवाळे बर्फ धड पडला नाही, आणि बहुतेक कारखान्यांना कुलपं लागली. नारंगी ज्या कारखान्यात बनली तो तर सहाच वर्षं चालला. नंतर बऱ्याच वर्षांनी तेच लोक, आता टक्कल पडलेले आणि पोट सुटलेले, आपापल्या जुन्या स्लेड बाहेर ओढून पुन्हा शर्यती लावू लागले. त्यांचा नियम एकच, जे तेव्हा होतं तेच आता. नवा भाग लावला की बाकीचे अशा नजरेने बघतात, जणू तुम्ही चर्चमध्ये शिंकलात.

ही स्लेड आजोबांनी एका कोठारातून आणली होती. तिथे ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. आम्ही दोघांनी दोन हिवाळे खपून ती उभी केली. आता तिच्यावर बसून मी शनिवारी शर्यतीत उतरणार होते, सोळा ते अठराच्या गटात, आयुष्यात पहिल्यांदा. आईने सही करताना अट घातली होती. "धड परत आलीस तर स्लेड तुझी. उतरली नाहीस किंवा पडलीस, तर ती गावच्या संग्रहालयात जाईल, दोरीच्या पलीकडे. मग मला तिचं नावसुद्धा ऐकायचं नाही."

त्या मंगळवारी मी आत गेले तेव्हा नारंगीच्या पट्ट्याखाली पाण्याचं थारोळं होतं.

स्लेडच्या पोटाखाली रबराचा रुंद पट्टा फिरतो आणि त्याला बर्फात रुतायला खिळे असतात. स्लेड घरात आणली की पट्ट्यातलं बर्फ वितळून खाली असंच थारोळं होतं, त्यात नवल काही नाही. पण नारंगी अजून बर्फावर गेलीच नव्हती. पट्टा गेल्याच आठवड्यात चढवलेला होता.

"छप्पर गळतंय," आजोबा म्हणाले.

मी वर पाहिलं. छप्पर कोरडं होतं. मग खाली वाकून बोट बुडवलं, तर थारोळ्यात नखाएवढा बर्फाचा पापुद्रा होता, अजून न वितळलेला. शेगडी तीन पावलांवर होती.

मी फडकं आणलं. फरशी पुसून घेतली.

२

बुधवारी आई गादी घेऊन आली. ती होड्यांची आणि ट्रकची आसनं शिवते. तिच्या हातची शिवण ओळखायला बघावी लागत नाही, बोट फिरवलं तरी पुरतं. तिने आत नवा फोम घातला होता आणि वर काळं रेक्झिन. आम्ही तिघांनी मिळून गादी बसवली. तेव्हा ती नुकत्या भाजलेल्या पावासारखी टच्च होती.

गुरुवारी तिच्यात खळगा होता.

हे नीट सांगायला हवं. बर्फाच्या रिंगणात आम्ही नेहमी डावीकडेच वळतो. सगळ्या शर्यती तशाच धावतात. वळताना अख्खं अंग डावीकडे बाहेर टांगायचं आणि उजवा गुडघा गादीवर अडकवून धरायचा. म्हणून रिंगणात धावलेल्या कुठल्याही जुन्या स्लेडच्या गादीवर उजव्या गुडघ्याचा खळगा सापडतो. म्हातारे लोक तो बघून सांगतात, ही अमक्याने पळवलेली, ती तमक्याने.

आमच्या गादीवरचा खळगा डाव्या गुडघ्याचा होता. उजवीकडे अंग टाकून, उलट्या दिशेने वळणाऱ्याचा.

मी दप्तरातली पट्टी काढून मोजला. साडेचार इंच रुंद आणि जवळजवळ इंचभर खोल. माझा गुडघा त्यात ठेवून पाहिला, तर भोवती बोटभर जागा उरली. हाताने दाबून, थोपटून पाहिलं, तरी फोम वर येईना. हाताला गारवा लागला. रेक्झिन थंडच असतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग शेजारची जागा चाचपली. ती कोमट होती.

पहिला संशय आजोबांवर गेला. ते चोरून बसत असतील, त्यांना तेवढा हक्क आहेच. पण आजोबांचा डावा गुडघा पोलादी आहे. सहा वर्षांपूर्वी बदलला, तेव्हापासून तो वाकत नाही. चर्चमध्येसुद्धा ते पाय लांब करून बसतात आणि येणारेजाणारे अडखळतात.

"आई, फोम जुना होता का?" मी विचारलं.

"माझ्या कामात खोट काढतेस?" आई हातातला टेप गुंडाळत म्हणाली. मग तिने खळगा पाहिला, त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काय गं, कुणाला बसवलं होतंस यावर?"

"कुणालाच नाही."

"मग हा ‘कुणीच नाही’ चांगलाच जाड दिसतोय."

ती हसली. मीही हसले. गादी उसवून तिने नवा फोम घातला, कारण आईला हार मानणं जमत नाही. ते माझ्यात तिच्याकडूनच आलं असावं. फक्त तिचं ऐकू येतं आणि माझं येत नाही.

३

शुक्रवारी शाळेला सुट्टी दिली होती. शर्यतीच्या आठवड्यात देतातच, नाहीतरी कोणी येत नाही. सकाळी दहा वाजता लख्ख ऊन होतं. गॅरेजच्या खिडकीतून ते थेट नारंगीवर पडलं होतं. भिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

गादीत पुन्हा खळगा होता. त्याच जागी.

आजोबांना मी तो दाखवला नाही, गादीवर चिंधी टाकून ठेवली. त्यांना स्कींवरच्या स्प्रिंगा माझ्या वजनाला जुळवायच्या होत्या. त्यांची पद्धत अशी, की स्लेडच्या नाकावर पाणसळ आडवी ठेवायची, मला वर बसवायचं आणि वळणावर टांगते तशी डावीकडे टांगायला सांगायचं. डावी स्की दबली की पाणसळीतला बुडबुडा उजवीकडे सरकतो. माझ्या एकशे पाच पौंडांना तो जिथवर जायला हवा तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती. बुडबुडा रेघेवर येईपर्यंत ते स्प्रिंगेचा नट फिरवतात. हे त्यांनी स्वतः शोधून काढलंय, आणि डार्लीनबाई सोडून साऱ्या गावाने ते उचललंय.

डार्लीन माकी तेव्हा दारातच उभी होती, मफलर गुंडाळून, कॉफीचा थर्मास बगलेत धरून. ती आजोबांच्याच वयाची, पण आजही शर्यतीत तिसऱ्या वळणावर झेंडा घेऊन उभी राहते. तरुणपणी बायकांच्या गटात तिने तीन वर्षं कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"रेनो, पोरगी आहे की भिंतीचं कपाट टांगतोयस?" ती म्हणाली.

"तू गप गं. हं, टांग लेम्पी."

मी डावीकडे अंग टाकलं. उजवा गुडघा अडकवला, डोकं पार स्कीच्या वर नेलं.

बुडबुडा जागचा हलला नाही.

"अजून टांग."

मी अजून टांगले. माझं अर्धं शरीर हवेत होतं. नारंगी समतल होती. लहानपणी शाळेच्या मैदानात सीसॉच्या दुसऱ्या टोकाला तुमच्याच वजनाचं कुणी बसलं की फळी कशी आडवी थांबते, तशी.

आजोबांनी नट तपासला. मग दुसरा. "स्प्रिंग अडकली," ते म्हणाले. मी उतरले तेव्हा त्यांनी हाताने दाबून पाहिली. स्प्रिंग सहज खाली गेली, सहज वर आली.

"पुन्हा बस."

या वेळी बसताना मला चिंधी दिसली. मी टाकली होती ती सपाट होती. आता ती डाव्या बाजूला खळग्यात ओढली गेली होती आणि तिच्या चुण्या ताणल्या होत्या, कुणीतरी वर गुडघा टेकवला की पडतात तशा. माझा गुडघा तिथे नव्हता.

कुणी माझ्याशी रांगेत धक्काबुक्की केली तर मी बाजूला सरते. वर्गात माझं उत्तर दुसऱ्याने पळवलं तर पळवू देते. पण ही गादी आईने दोनदा शिवली होती, आणि या पट्ट्यात मी एकशे अठ्ठावीस खिळे मोजून ठोकले होते. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"उतर," मी म्हणाले.

"कोण?" डार्लीनबाईने विचारलं.

मी पाणसळीकडे बघत राहिले. बुडबुडा थरथरला. पण हलला नाही.

४

डार्लीनबाई गेल्यावर आजोबांनी रेडिओ बंद केला. ते रेडिओ बंद करतात तेव्हा कुणीतरी वारलेलं असतं.

"तुला त्या गाडीचा मूळ मालक कोण ते सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "एव्हर्ट. चौऱ्याहत्तरच्या शर्यतीत मी तिसऱ्या वळणावर झेंड्याला होतो, आज डार्लीन असते तिथे. एव्हर्ट पहिला होता. पुढे रिकामं बर्फ. काच, नुसती काच. मागचा अर्ध्या फेरीवर. आणि त्याने रेघ सोडली."

प्रत्येकाची वळणावरची एक रेघ असते. कुठून आत शिरायचं, कुठून बाहेर पडायचं. ती सोडायची नाही आणि वेगाच्या खटक्यावरचा अंगठा उचलायचा नाही, हे आजोबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलंय. पुढच्यांनी उडवलेल्या बर्फाच्या धुळीत हातभरावरचं दिसत नाही, पुढच्याचा मागचा लाल दिवा तेवढा दिसतो. तुम्ही अंगठा उचललात तर मागचा तुमच्यावर चढतो. वाकडे झालात तर रिंगणाच्या कडेला रचलेल्या गवताच्या गाठींवर आपटता.

"सरळ गाठींमध्ये गेला," आजोबा म्हणाले. "कुणाला तरी चुकवल्यासारखा. खुब्याचं हाड गेलं. पण धावत पोचलो तेव्हा शुद्धीवर होता. त्याने मला काय विचारलं माहितेय?"

मी मान हलवली.

"म्हणाला, दुसरा कसा आहे?"

शेगडीत लाकूड फुटलं.

"मी म्हटलं, कोण दुसरा? तर तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस. त्यानंतर त्याने ही कोठारात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि चाळीस वर्षं त्या कोठारात पाऊल टाकलं नाही. मला वाटलं, घाबरला असेल, डोक्याला मार लागला असेल. मी गाडी आणली ती गाडी चांगली म्हणून. मी लोखंडावर विश्वास ठेवतो." त्यांनी पाणसळ उचलली, उन्हात धरली, पुन्हा ठेवली. "उद्या नको उतरूस. आईला मी सांगतो. संग्रहालयात जाऊ दे. तिथे तिच्यावरून कुणी टांगणार नाही."

"मी उतरणार."

"लेम्पी."

"ती त्याची नाही," मी म्हणाले. "तो कोण असेल तो. त्याने एक खिळा ठोकलाय का?"

आजोबांनी पाणसळ खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "बडबडी झालीस खरी." आणि मान वळवून डोळे पुसले. त्यांना मोतीबिंदू आहे, त्यामुळे पाणी येतंच.

दुपारभर मी कारणं शोधली. खळगा फोमचा दोष. पाणी पाइपाचं. स्प्रिंग नवीन. एव्हर्टला उन्हाची तिरीप. एकेक कारण वेगळं घेतलं की पटायचं. सगळी शेजारी ठेवली की ती एकमेकांकडे बघत बसायची.

५

शनिवारी उणे अठरा होतं. रात्रभर टँकरने पाणी ओतून रिंगण गुळगुळीत केलेलं होतं. कडेला गवताच्या गाठींची रांग, त्यामागे ट्रक, ट्रकमागे तळलेल्या माशांचा वास. आम्ही सहा जण होतो, आठ फेऱ्या. तपासनीसाने माझ्या जाकिटाला बांधलेली इंजिनची दोरी ओढून पाहिली. पडलो तर ती निसटते आणि इंजिन बंद होतं. ओढताच ते बंद पडलं. त्याला समाधान वाटलं. आजोबांनी माझ्या शिरस्त्राणावर दोन टिचक्या मारल्या. आई ट्रकमधून उतरलीच नाही.

झेंडा पडला. सुरुवात मी बरी केली. दुसऱ्या वळणापर्यंत तिसरी होते आणि तिथेच राहिले. पहिल्या दोन फेऱ्या मला नुसता आवाज आठवतो, आणि पुढे दोन लाल दिवे. नारंगी जड वाटत होती. डावीकडे टांगले की ती मागे ओढायची, दुकानात रडणारं मूल ओढतं तशी.

पाचव्या फेरीला पुढच्या दोघांची धूळ एकत्र झाली आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडावर सगळं पांढरं झालं. लाल दिवे गेले. मी माझ्या रेघेवर होते. अंगठा पूर्ण दाबलेला होता.

मग पांढऱ्यात काहीतरी नारंगी झालं.

आधी वाटलं, पुढचाच कुणी आहे. पण लाल दिवा नव्हता. नाक होतं. दोन स्कींची वर वळलेली टोकं माझ्याकडे रोखलेली होती आणि मोठी होत होती. वर कुणी टांगलेलं होतं, रिंगणाच्या आतल्या बाजूला, माझ्याच बाजूला, मी टांगले होते तसंच. आरशात दिसावं तसं. त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत बर्फ होतं. काचेवर नव्हतं, आत होतं, गच्च भरलेलं.

माझ्या अंगठ्याला खटक्यावरून उठायचं होतं. मी हे लिहितेय तेव्हाही त्याला आठवतंय. डावा हात हँडल बाहेर ढकलायला निघाला होता. गाठी तिथे होत्या, दोन स्लेडच्या अंतरावर, मऊ, पिवळ्या. चुकवणं अगदी सोपं होतं. मी आयुष्यभर तेच केलंय. कुणी समोरून आलं की बाजूला व्हायचं.

"नाही," मी म्हणाले. शिरस्त्राणात तो आवाज मलाच मोठा वाटला. "माझी रेघ आहे."

मी अंगठा आणखी दाबला. दाबायला काही उरलं नव्हतं, तरी दाबला.

टोकं माझ्या गुडघ्यापर्यंत आली. आणि मला एक हात दिसला, डावा, सरळ वर उचललेला. आमच्याकडे शर्यतीत डावा हात वर करणं म्हणजे मी मंद झालो, तू जा. तो एवढंच सांगतो, दुसरं काही नाही. हातात मोजा नव्हता. एवढंच मी पाहिलं.

मग फक्त गारठा अंगातून गेला, तळ्यात पडल्यासारखा, आणि मी वळणाबाहेर होते. पुढे दोन लाल दिवे होते.

६

मी तिसरी आले. आईने मला ट्रकच्या मागे नेऊन इतकं घट्ट धरलं की बरगड्या दुखल्या. मग म्हणाली, "बरं. तुझी."

डार्लीनबाई झेंडा काखेत मारून आली. तिच्या पापण्यांवर बर्फ होतं. "काय गं, मूर्ख, पाचव्या फेरीला हात वर कशाला केलास? मी धोक्याचा पिवळा झेंडा दाखवणारच होते, तर तू सुसाट!"

"मी नाही केला."

"अगं, मी बघितला ना. तुझ्याच गाडीवरून वर आला. उघडा हात. बोटं गळून पडतील अशाने."

मी माझे हात पुढे केले. दोन्हीवर मोजे होते, मनगटाला आईने चिकटपट्टी गुंडाळलेली, सकाळपासून न उघडलेली. डार्लीनबाईने ती बघितली. मग आजोबांकडे बघितलं. थर्मासचं झाकण ती बराच वेळ उघडत राहिली.

रविवारी चर्चनंतर मी एकटीच गॅरेजमध्ये गेले. नारंगी स्टँडवर होती. खाली थारोळं होतं. या वेळी ते असायलाच हवं होतं, म्हणून मी त्याकडे फार बघितलं नाही. गादीवर दोन खळगे होते. उजवा माझा, उथळ. डावा पूर्वीचाच.

मी पाणसळ नाकावर आडवी ठेवली. वर बसले. डावीकडे अंग टाकलं.

डावी स्की दबली. बुडबुडा उजवीकडे निघाला, आजोबांच्या रेघेवर आला आणि तिथे थांबला नाही. हळूहळू नळीच्या टोकाशी जाऊन टेकला. माझं वजन एकशे पाच पौंड आहे. एवढं दबायला त्याच्या दुप्पट लागलं असतं, दोघांनी मिळून एकाच बाजूला टांगलं तर लागेल तेवढं.

माझ्या मानेवर गार हवा येत होती. दार बंद होतं. मी मागे बघितलं नाही. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, घाबरून नव्हे. शर्यतीत मागे बघत नाहीत.

"राहायचं तर राहा," मी म्हणाले. "पण पुढे मी बसणार. आणि वळायचं ते डावीकडेच."